परदेशी मदत आणि गावाची शाळा : राजस्थानच्या दोन प्रकल्पांची गोष्ट



आपल्यातल्या जुन्या शिक्षकांना ‘डीपीईपी’ हा शब्द चांगलाच आठवत असेल. नव्या शिक्षकांना ‘स्टार्स’ माहीत आहे, कारण पायाभूत चाचणीच्या आणि संकलित चाचण्यांच्या पत्रांवर ते नाव आलेलं आहे. या दोन्हींत जागतिक बँकेचा पैसा होता, हेही आपण ऐकलेलं असतं. पण परदेशातून आलेला पैसा खेड्यातल्या शाळेपर्यंत येतो कसा, आल्यावर काय बदलतं, आणि तो थांबला की काय होतं, याबद्दल आपण फारसं बोलत नाही.

हे समजून घ्यायला आपल्या देशातलंच एक उत्तम उदाहरण आहे : राजस्थानातले ‘शिक्षाकर्मी’ आणि ‘लोक जुंबिश’ हे दोन प्रकल्प. दोन्हींना स्वीडनची मदत होती, दोन्ही गावाच्या भरवशावर उभे होते, आणि दोन्हींना एका वळणावर मोठा धक्का बसला. आज तेच जरा सविस्तर बघूया.

आधी थोडं मदतीविषयी

परदेशी मदत म्हटलं की कुणीतरी फुकट पैसे दिले असं वाटतं. तसं नेहमी नसतं. साधारण दोन प्रकार लक्षात ठेवा. पहिला प्रकार अनुदानाचा, म्हणजे पैसे परत करायचे नसतात. स्वीडनची ‘सिडा’ ही सरकारी मदतसंस्था आपल्याकडे अशी मदत देत असे. दुसरा प्रकार सवलतीच्या कर्जाचा. जागतिक बँकेची ‘आयडीए’ ही शाखा गरीब देशांना कमी भारात आणि लांब मुदतीवर कर्ज देते. ते फेडावं लागतं, फक्त फेडायला बरीच वर्षं मिळतात.

दुसरी गोष्ट म्हणजे हा पैसा एकूण शिक्षणखर्चाच्या मानाने थोडाच असतो. आपल्या देशात शिक्षणावरचा सगळ्यात मोठा खर्च शिक्षकांच्या पगाराचा, आणि तो मुख्यतः राज्य सरकारच करतं. मग एवढ्याशा पैशाचं महत्त्व काय? तर सरकारी अंदाजपत्रकात पगार, इमारत, किरकोळ खर्च यांना जागा असते. गावात पंधरा दिवस राहून लोकांशी बोलणं, नकाशा काढणं, शिक्षकांना वारंवार प्रशिक्षण देणं, एखादी गोष्ट करून बघणं आणि फसली तर बदलणं, याला लेखाशीर्षच नसतं. प्रकल्पाचा पैसा नेमका तिथे कामाला येतो. थोडक्यात, मदतीचा पैसा शाळा चालवण्यापेक्षा शाळा चालवायची नवी रीत शोधायला जास्त उपयोगी पडतो. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

शाळा आहे, पण गुरुजी नाहीत

१९९१ च्या जनगणनेत राजस्थानात स्त्रियांची साक्षरता जेमतेम २० टक्के होती. महाराष्ट्रात तेव्हा ती ५२ टक्क्यांच्या आसपास होती. खेड्यापाड्यात परिस्थिती याहून बिकट. वाळवंटी आणि डोंगराळ भागात लोक ‘ढाणी’मध्ये राहतात, म्हणजे मूळ गावापासून दूर, शेतातली चार घरांची वस्ती. आपल्याकडची वाडी, तांडा किंवा पाडा म्हणा ना!

अशा ठिकाणी कागदोपत्री शाळा असायची. शिक्षकाची नेमणूकही झालेली असायची. पण गुरुजी राहणार शहरात किंवा तालुक्याच्या गावी. एसटीची सोय नाही, राहायला खोली नाही, प्यायला पाणी लांबून आणायचं. आठवड्यातून एखाद-दोन दिवस यायचे, पुढे तेही बंद. शिक्षक बदलून आला तरी त्याची गत तीच. गावाला वाटायचं शाळा म्हणजे सरकारची भानगड, आपल्याला काय त्याचं. आणि मुलं शेळ्यांमागे.

अजमेर जिल्ह्यातल्या तिलोनिया गावी बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये सुरू केलेली एक संस्था आहे. पुढे ती ‘बेअरफूट कॉलेज’ म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. तिने सत्तरच्या दशकातच आसपासच्या गावांत एक प्रयोग केला. बाहेरचा पदवीधारक येऊन टिकत नसेल, तर गावातल्याच कमी शिकलेल्या तरुणाला तयार करून शिकवायला लावलं तर? जी मुलं दिवसा गुरं राखतात त्यांच्यासाठी रात्री वर्ग भरवले तर? दोन्ही गोष्टी जमल्या. या अनुभवातूनच पुढे सरकारी प्रकल्प निघाला.

शिक्षाकर्मी : गावातलाच शिक्षक

१९८७ मध्ये राजस्थान सरकारने सिडाच्या मदतीने शिक्षाकर्मी प्रकल्प सुरू केला. पहिल्या टप्प्यात खर्चाचा ९० टक्के भाग सिडाचा आणि १० टक्के राज्याचा होता. दुसऱ्या टप्प्यात तो निम्मा-निम्मा झाला. म्हणजे देणाऱ्याने हळूहळू हात काढायचा आणि घेणाऱ्याने भार उचलायचा, अशी मांडणीच होती.

प्रकल्पाची कार्यपद्धती थोडक्यात अशी :

१) ज्या गावातली शाळा बंद किंवा जवळजवळ बंद आहे, अशी गावं निवडायची.

२) गावाची सभा घेऊन गावातलेच दोन जण निवडायचे. पुरुष असेल तर किमान आठवी पास, बाई असेल तर पाचवी पास चालेल.

३) त्यांना महिनाभराहून जास्त काळाचं निवासी प्रशिक्षण द्यायचं. आणि ते एकदाच नाही. दरवर्षी पुन्हा, शिवाय दर महिन्याला बैठक.

४) नियमित शिक्षकाच्या जागी हे दोघे शाळा चालवणार. दिवसाच्या शाळेशिवाय ‘प्रहर पाठशाळा’, म्हणजे मुलांच्या सोयीच्या वेळी, बहुधा संध्याकाळी किंवा रात्री भरणारे वर्ग.

५) जिथे मुलींना लांब पाठवत नाहीत तिथे कुणाच्या तरी घराच्या अंगणात ‘आंगन पाठशाळा’. आणि मुलींना घरून शाळेत आणायला-सोडायला गावातलीच एक बाई, तिला नाव ‘महिला सहयोगी’.

यातलं सगळ्यात अवघड काम कोणतं असेल? बायका शोधणं. पाचवी पास अट ठेवूनही कित्येक गावांत एकही बाई मिळेना. मग प्रकल्पाने ‘महिला प्रशिक्षण केंद्रं’ काढली. थोडंफार लिहिता-वाचता येणाऱ्या बायकांनी तिथे राहायचं, लहान मूल असेल तर बरोबर आणायचं, पाचवीपर्यंतचा अभ्यास पूर्ण करायचा आणि मग शिक्षाकर्मी व्हायचं. म्हणजे शिक्षिका मिळत नाही म्हणून रडत न बसता ती घडवायचीच सोय केली. मला स्वतःला या प्रकल्पातली ही गोष्ट फार मोलाची वाटते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत अडीच हजारांहून जास्त गावांत अशा शाळा चालू झाल्या होत्या. गुरुजी गावातलाच असल्याने गैरहजेरीचा प्रश्न बराच सुटला. शाळा भरली नाही तर विचारायला अधिकारी यायची गरज नव्हती, शेजारची म्हातारीच विचारायची!

लोक जुंबिश : आधी नकाशा, मग शाळा

‘जुंबिश’ म्हणजे हालचाल, चळवळ. लोक जुंबिश म्हणजे लोकांची चळवळ. १९९२ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला. त्यामागे केंद्राचे माजी शिक्षण सचिव अनिल बोर्दिया होते. खर्चाचं प्रमाण होतं ३ : २ : १. दर सहा रुपयांतले तीन सिडाचे, दोन केंद्राचे आणि एक राजस्थान सरकारचा. (चौथी-पाचवीच्या मुलांना गुणोत्तर समजावायला हे उदाहरण झकास आहे, करून बघा.)

शिक्षाकर्मीने शिक्षकाचा प्रश्न घेतला, तर लोक जुंबिशने पूर्ण गावाचाच. सुरुवात इमारतीपासून किंवा पाटी-पुस्तकांपासून केली नाही. आधी कार्यकर्ते गावात जाऊन राहायचे. मग गावातल्या उत्साही स्त्री-पुरुषांचं एक ‘प्रेरक दल’ तयार व्हायचं. त्याशिवाय बायकांचा वेगळा गट, कारण सगळ्यांसमोर बायका बोलत नाहीत हे त्यांना माहीत होतं.

मग प्रेरक दलाने गावाचा नकाशा काढायचा. प्रत्येक घर नकाशावर, आणि प्रत्येक घरापुढे खुणा : या घरात शाळेत जाणारा मुलगा किती, मुलगी किती, शाळेत न जाणारा मुलगा किती, मुलगी किती. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही तो नकाशा वाचता यायचा. एकदा नकाशा भिंतीवर लागला की ‘आमच्या गावात सगळी मुलं शाळेत जातात’ असं सरपंचाला म्हणता यायचं नाही. कुठल्या आळीत, कुठल्या समाजाच्या वस्तीत न जाणाऱ्या मुलींच्या खुणा दाटीने आहेत ते सगळ्या गावाला दिसायचं.

त्या नकाशावरून गाव ठरवायचं : शाळेला आणखी एक शिक्षक हवा, की लांबच्या ढाणीला वेगळी शाळा हवी, की काम करणाऱ्या मुलांसाठी ‘सहज शिक्षा केंद्र’ पुरेल. इमारत बांधायची तर ठेकेदार नाही. गावाची भवन निर्माण समिती असायची आणि पैसा, हिशोब, देखरेख तिच्याकडे. शाळा सोडलेल्या मोठ्या मुलींसाठी काही महिन्यांची निवासी शिबिरं घेत. एकट्यादुकट्या शिक्षिकांना आधार म्हणून ‘अध्यापिका मंच’ होता.

आपण दरवर्षी शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करतो. घरोघरी फिरतो, तक्ते भरतो, केंद्रावर देतो. माहिती वर जाते. लोक जुंबिशमध्ये फरक एवढाच होता की माहिती गावातच राहायची, भिंतीवर. माझ्या मते हा फरक ‘एवढाच’ नाही, तोच सगळ्यात मोठा आहे.

मे १९९८

११ आणि १३ मे १९९८ रोजी भारताने पोखरण इथे अणुचाचण्या केल्या. पोखरण राजस्थानातच, जैसलमेर जिल्ह्यात. चाचण्यांचा निषेध म्हणून अनेक देशांनी भारताची मदत थांबवली. त्यात स्वीडनही होता. लोक जुंबिशचा चालू टप्पा नेमका त्याच वर्षी जूनमध्ये संपत होता आणि पुढच्या टप्प्याची अपेक्षा होती. तो आला नाही.

विचार करा. एखाद्या ढाणीतल्या बाईने दोन वर्षं खपून नकाशा काढला, मुली शाळेत आणल्या. तिने अणुबॉम्बच्या बाजूने मत दिलं नाही की विरोधात. स्वीडिश सरकारलाही त्या मुलींशी काही वैर नव्हतं. तरी स्टॉकहोममध्ये घेतलेल्या निर्णयाचा परिणाम तिच्या अंगणापर्यंत आला. मदत दोन सरकारांमध्ये ठरते, शाळा मात्र गावात असते. मदतीवरच्या शाळेचा कच्चा दुवा हाच.

लोक जुंबिश काही काळ आर्थिक ओढाताणीत सापडला. पुढे १९९९ च्या सुमारास ब्रिटनच्या ‘डीएफआयडी’ने दोन्ही प्रकल्पांना मदत सुरू केली. पण मधल्या काळात बरंच काही बदललं. बोर्दिया प्रकल्पातून बाहेर पडले. प्रकल्पाला जी मोकळीक होती ती कमी होत गेली, कामाची पद्धत हळूहळू सरकारी खात्यासारखी होत गेली. शेवटी हे काम सर्व शिक्षा अभियानात सामावून गेलं.

मग सगळं वाया गेलं का? नाही. राजस्थानातली स्त्रियांची साक्षरता १९९१ मधल्या २० टक्क्यांवरून २००१ मध्ये ४४ टक्क्यांच्या जवळ गेली. याचं सगळं श्रेय या दोन प्रकल्पांना देता येणार नाही. साक्षरता अभियान होतं, रस्ते झाले, लोकांच्या आकांक्षा बदलल्या. पण यातला वाटा त्यांचाही आहेच. पैशाने उभं केलेलं काही थांबलं. लोकांच्या अंगवळणी पडलेलं मात्र राहिलं. जी मुलगी चौथीपर्यंत शिकली, तिचं शिक्षण कुणाला परत नेता येत नाही.

इतर देशांत काय दिसतं?

बांगलादेश. ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८५ मध्ये २२ एकवर्गी शाळा सुरू केल्या. साधारण तीस मुलं, त्यात मुली जास्त, आणि गावातलीच एक शिक्षिका. तीच त्या गटाला सलग शिकवणार, प्राथमिकचा पाच वर्षांचा अभ्यास चार वर्षांत. पुढे या शाळांची संख्या हजारोंमध्ये गेली. त्यामागे अनेक देशांची मदत होती. पण ब्रॅकने एक शहाणपणा केला. हातमाग-हस्तकलेची दुकानं, छोटी कर्जं असे स्वतःच्या उत्पन्नाचे मार्गही उभे केले. त्यामुळे मदत आटली तेव्हा संस्था कोसळली नाही. पण मोफत शाळांची संख्या कमी झाली आणि काही ठिकाणी फी घेणाऱ्या शाळा आल्या. म्हणजे संस्था टिकणं आणि गरिबाच्या मुलाची शाळा टिकणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

अफगाणिस्तान. तिथल्या घोर प्रांतात २००७ च्या सुमारास ३१ गावांचा एक अभ्यास झाला. काही गावांत अमेरिकेच्या सरकारी मदतीतून गावातच शाळा सुरू केली, काही गावांत ती वर्षभर उशिरा सुरू होणार होती. शाळा सुरू झालेल्या गावांत दर १०० मुलांमागे सुमारे ४२ मुलं जास्त शाळेत आली. मुलींमध्ये तर ५२. कारण काय? अंतर. शाळा जसजशी लांब जाते तसतशी मुलं गळतात, आणि मुली आधी गळतात. घरात किंवा मशिदीत भरणारी शाळा, शासनाचाच अभ्यासक्रम आणि ओळखीचा शिक्षक, एवढ्यावर हे घडलं.

पण याच देशात पुढे काय झालं ते आपण जाणतो. २०२१ नंतर तालिबानने मुलींचं सहावीपुढचं शिक्षण बंद केलं. आणि २०२५ मध्ये अमेरिकेने ‘यूएसएआयडी’ ही आपली मदतसंस्थाच गुंडाळली. म्हणजे १९९८ चा धडा जुना झालेला नाही.

आपल्याकडे काय आलं?

१९९० मध्ये थायलंडमधल्या जोमतिएन इथे ‘सर्वांसाठी शिक्षण’ या विषयावर जागतिक परिषद झाली. त्यानंतर प्राथमिक शिक्षणासाठी परदेशी मदत घेण्याचं प्रमाण वाढलं. १९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम, म्हणजेच डीपीईपी आला. यात ८५ टक्के खर्च केंद्र सरकारने बाहेरच्या मदतीतून द्यायचा आणि १५ टक्के राज्याने. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी हे मराठवाड्यातले जिल्हे होते. निवड करताना मुलींची साक्षरता देशाच्या सरासरीपेक्षा कमी आहे का, हा निकष होता. राबवण्यासाठी महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद स्थापन झाली. ती आजही आहे.

गट साधन केंद्र, समूह साधन केंद्र, गाव पातळीवरची शिक्षण समिती, शिक्षकांचं नियमित सेवांतर्गत प्रशिक्षण, शैक्षणिक साहित्यासाठी शिक्षकाच्या हातात थोडे पैसे. यातलं बरंच आज आपण गृहीत धरतो, पण ते देशभर रुळलं डीपीईपीच्या काळात. राजस्थानसारख्या ठिकाणी झालेल्या प्रयोगांचा अनुभवही त्यात उतरला.

आपल्या वस्तीशाळाही आठवा. वाडी-तांड्यावर स्थानिक स्वयंसेवक, पुढे ‘निमशिक्षक’ म्हटले गेलेले आपले सहकारी, तुटपुंज्या मानधनावर झाडाखाली किंवा कुणाच्या ओसरीवर शाळा भरवत होते. वस्तीशाळा ही काही स्वीडनची योजना नव्हती, पण कल्पना तीच : मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळा मुलापर्यंत न्या. शिक्षण हक्क कायदा आल्यावर वस्तीशाळा नियमित प्राथमिक शाळा झाल्या. म्हणजे ज्या शाळांना कायद्याचा आणि राज्याच्या तिजोरीचा आधार मिळाला, त्या टिकल्या.

आणि अलीकडचा ‘स्टार्स’. २०२० मध्ये मंजूर झालेला हा प्रकल्प महाराष्ट्र, राजस्थान, मध्य प्रदेश, हिमाचल प्रदेश, केरळ आणि ओडिशा या सहा राज्यांसाठी आखला गेला. जागतिक बँकेचं ५० कोटी डॉलर कर्ज. इथे मदतीची पद्धत बदललेली दिसते. ठरलेले परिणाम साध्य झाल्याचं दाखवलं की पैसे मिळायचे. म्हणून मोजमापाला, चाचण्यांना एवढं महत्त्व. मुलाला किती येतं हे कळायलाच हवं, त्यात वाद नाही. पण लोक जुंबिशचा नकाशा आणि आजची ऑनलाइन गुणनोंद शेजारी ठेवून बघा. नकाशा गावाला प्रश्न विचारायचा, नोंद वरच्या कार्यालयाला उत्तर देते. दोन्ही लागतं. पण पहिलं सुटून चाललंय का, हे आपण बघायला हवं.

एक अवघड प्रश्न : पाचवी पास शिक्षिका चालेल का?

मी स्वतः डी.एड. केलेलं आहे. बालमानसशास्त्र, पाठ टाचण, सराव पाठ, आंतरवासिता हे सगळं करून वर्गात आलो. त्यामुळे पाचवी किंवा आठवी पास माणसाच्या हातात वर्ग द्यायचा हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात आलंच, मग आमच्या पदविकेला अर्थ काय?

नीट विचार केल्यावर दोन्ही बाजू दिसतात. त्या ढाणीत पर्याय ‘प्रशिक्षित शिक्षक की शिक्षाकर्मी’ असा नव्हता. पर्याय ‘शिक्षाकर्मी की कुणीच नाही’ असा होता. शिवाय शिक्षाकर्मीला वाऱ्यावर सोडलं नव्हतं. दरवर्षीचं प्रशिक्षण आणि दर महिन्याची बैठक होती. आपल्यापैकी किती जणांना शिकवण्यातल्या अडचणींवर दर महिन्याला मनमोकळं बोलायला मिळतं?

दुसरी बाजूही तितकीच खरी. तात्पुरती म्हणून काढलेली सोय सरकारला स्वस्त वाटू लागते. नियमित शिक्षकाच्या पगारात तीन-चार मानधनवाले येतात हे हिशोबात बसलं की जागा भरणं मागे पडतं. नव्वदच्या दशकात हे अनेक राज्यांत झालं. शिक्षाकर्मी आणि त्यांच्यासारखे पॅराटीचर राजस्थानात पुढे वर्षानुवर्षं कायम करण्याची मागणी करत राहिले. आपल्या निमशिक्षकांनीही तेच भोगलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गरिबाच्या मुलाला कायम ‘तात्पुरता’ शिक्षक आणि शहरातल्या मुलाला ‘खरा’, अशी विभागणी होते.

म्हणून माझं उत्तर असं आहे : गावातला माणूस शिक्षक म्हणून घेणं चूक नाही, त्याला आहे तिथेच ठेवणं चूक आहे. त्याला पुढे शिकायची, पात्रता मिळवायची आणि पूर्ण पगारापर्यंत पोचायची शिडी हवी. महिला प्रशिक्षण केंद्रांनी शिडीची पहिली पायरी बांधली होती. वरच्या पायऱ्या बांधायचं काम राज्याचं होतं.

आपल्या शाळा व्यवस्थापन समितीसाठी

आता तुम्ही म्हणाल, स्वीडन कुठे आणि आपली जिल्हा परिषद शाळा कुठे. पण मदत आपल्याकडेही येते. कंपनीच्या सामाजिक निधीतून डिजिटल वर्ग, एखाद्या संस्थेचा वाचन प्रकल्प, परदेशस्थ माजी विद्यार्थ्याची देणगी. रक्कम लहान असेल, प्रश्न तेच. अशी मदत आली की समितीच्या सभेत एवढं जरूर विचारा :

१) ही मदत किती वर्षं आहे आणि शेवटच्या दिवसानंतर खर्च कोण करणार? वीजबिल, दुरुस्ती, स्वयंसेवकाचं मानधन, सगळं धरून.

२) गरज कुणी ठरवली? आपण मागितलं, की त्यांच्याकडे होतं म्हणून मिळालं?

३) यातून आपल्या शिक्षकांना किंवा पालकांना असं काय शिकायला मिळेल जे वस्तू मोडली तरी आपल्याकडे राहील?

४) माहिती कुणाकडे राहणार? मुलांच्या प्रगतीची नोंद संस्थेच्या अहवालात जाणार असेल तर तिची एक प्रत शाळेत, पालकांना समजेल अशा भाषेत राहील का?

५) हे काम आपल्या शाळा विकास आराखड्यात बसतं का?

शिक्षण हक्क कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असल्या पाहिजेत असं सांगितलं आहे, आणि शाळा विकास आराखडा करायचं कामही तिलाच दिलं आहे. म्हणजे प्रेरक दलाला जे प्रकल्प असेपर्यंतच करता येत होतं, ते पालकांना आज कायद्याने करता येतं. हा हक्क कुठल्या देशाने मदत थांबवली म्हणून जात नाही. तो जातो कोरमपुरत्या सह्या घेऊन सभा उरकली की.

पालकहो, पुढच्या सभेला या आणि एक छोटं काम करूया. फळ्यावर आपल्या गावाचा नकाशा काढू. आळी, वाडी, वस्ती, शेतातली घरं, वीटभट्टी, ऊसतोडीला जाणारी घरं, सगळं. प्रत्येक घरापुढे मुला-मुलींच्या खुणा करू. तासाभराचं काम आहे, खर्च दोन खडूंचा. ज्या घरापुढे ‘शाळेत न जाणारी मुलगी’ अशी खूण पडेल, तिथे कोण जाणार ते त्याच सभेत ठरवू.

तुमच्या शाळेत असा नकाशा केलात तर काय दिसलं ते जरूर कळवा.